तिसरी लाइन

देगूमध्ये तिसऱ्या लाइनची गाडी
इमारतींच्या खांद्याला खांदा लावून जाते,
आणि लोकांची घरं जवळ आली
की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात.
कुणाचा वाळत घातलेला सदरा,
बनियनवर टीव्ही बघणारं कुणी
दिसू नये म्हणून.
पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना काही झालं.
शेजारच्या शाळकरी पोराने मोबाइलमधून मान वर काढली,
माझ्याकडे बघितलं, पुन्हा खाली घातली.

आता मी त्या घरांपैकीच एका घरात राहते.
सातवा मजला. दर सहा मिनिटांनी
डोळे मिटलेली एक गाडी ओट्यासमोरून जाते
आणि मी मुळा किसत असते.
इथला मुळा म्हणजे वर्षाच्या पोराची मांडी.
एक आणला की चार दिवस तोच,
पराठा, कोशिंबीर, चटका,
आणि तरी उरतो तो खालच्या मजल्यावर ग्वाक बाईंना.
त्या तो खारवतात, तिखटात लोळवतात,
आणि माझाच मुळा लाल होऊन माझ्याकडे परत येतो.
"तुझ्यासाठी कमी तिखट केलाय."
कमी तिखट! इचलकरंजीच्या बाईला!

ग्वाक बाई कपडे उसवून नीट करून देतात.
दुकान एवढंसं, गिऱ्हाईक आत आलं की शिलाई मशीन श्वास रोखतं.
मी कापडाच्या रंगांच्या लॅबमध्ये आहे
हे मी सांगायच्या आधी त्यांना नखांवरून कळलं,
काल निळी, आज जांभळी.

ओळख मात्र कचऱ्यापाशी झाली.
इथे ओल्या कचऱ्याच्या पेटीला कार्ड दाखवायचं,
मग ती झाकण उघडते, तोलते,
आणि मंजुळ आवाजात वजन सांगते. चारशे वीस ग्रॅम.
पहिलं वर्षभर मी त्या आवाजाशीच मराठीत बोलायचे.
"हो गं बाई, चहाचा चोथा आहे, ओला लागतो."
एका रात्री मागे कुणीतरी हसलं,
दोन्ही हातांनी पिशवी धरून.

रविवारी आम्ही आपसान चढतो.
त्या एकोणसत्तरच्या, मी एक्केचाळीस.
मला धाप लागली की त्या वाकून बुटाची नाडी बांधतात,
जी सुटलेली नसते.
वर पोचल्यावर काकडी मोडून अर्धी मला.
मी मीठ मागते, म्हणजे मीठ या अर्थाचा शब्द मागते,
त्या पाण्याची बाटली देतात.
खाली अख्खं शहर परातीत ओतल्यासारखं,
आणि त्यातून सरकणारी ती गाडी.
"कच्चा टाका," बाई बोट दाखवतात, "ओढला की निघेल."

त्यांच्या भाषेतही क्रियापद शेवटी येतं.
म्हणून मला थांबता येतं, जन्मापासूनची सवय.
त्या म्हणतात,
माझा मुलगा, व्हँकूव्हरहून, पुढच्या पानगळीत, बायकोला घेऊन...
आणि काकडीचा तुकडा मोडतात.
मी थांबते.
येतो की येत नाही
हे चावून झाल्यावर कळणार.
त्या सावकाश चावतात.
मग देठ कागदात गुंडाळून पिशवीत ठेवतात,
उठतात, पँटची माती झटकतात.
वाक्य तिथेच बाकावर राहतं.

उतरताना कुणीच काही बोललं नाही.
फक्त आपापल्या दारांशी वेगळं होताना त्या जे म्हणाल्या
ते मी शब्दकोशात बघितलं नाही.
सुरावरून कळलं. आमच्याकडेही
"जाते" म्हणत नाहीत.

सोमवारी सकाळी मी गाडीत उजव्या बाजूला उभी राहते.
पोस्ट ऑफिस, दातांचा दवाखाना,
आणि बरोब्बर माझ्या घरापाशी
काच पांढरी होते.
मागे माझा ओटा आहे, किसणी उपडी,
कुंडीत चार काड्यांची कोथिंबीर.
पाणी घालायला किल्ली ग्वाक बाईंकडे असते.
त्या कधी येतात मला माहीत नाही.
मी काचेला हात लावून उभी.
आत कुणी असेल,
नसेल.
मग नदी येते, काच निवळते,
आणि पाण्यात एक बगळा,
त्याचं त्याचं चाललेलं.