हिवातला काटा

एकवीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर बसलो,
गाड्या तोलल्या, भरल्या आणि रित्या.
म्हणून पौषात लेकीचं पोट्टं अठराशे ग्रॅमचं आलं
आणि उईकेताई म्हणाल्या, खोली गरम राहू द्या,
तेव्हा मला आधी आकडेच सुचले.

गॅस पहिले.
निर्गुणा पाणी उकळायची, रबरी पिशव्या भरायची,
जुन्या लुगड्यात गुंडाळून बाजेवर दोन्हीकडून लावायची.
मी सपरीच्या आढ्याला ताणकाटा बांधला,
रोज रात्री सिलिंडर टांगायचो.
सोमवारी दोनशे ग्रॅम कमी. मंगळवारी दोनशे चाळीस.
रातीचे पंधरा रुपये, फार तर.
पण पिशवी तीन वाजता गार पडते,
आणि निर्गुणा भिंत धरून उठते,
तिचे गुडघे कटकट वाजतात,
ते कोणत्या रकान्यात मांडू?

मग करंट.
जावयानं आर्वीहून हिटर पाठवला,
घासलेल्या परातीसारखा, मधात लाल तार.
मीटरवर बारीक अक्षरात लिहिलंय :
बत्तीसशे वेळा लुकलुकलं की एक युनिट.
मफलर बांधून बाहेर बसलो, मनगटावर घड्याळ,
हिवानं दात वाजत होते, तरी मोजलं.
मिनिटाला त्रेपन्न.
म्हणजे रातभरात नऊ युनिटं,
नव्वदाच्या घरात, लाइन राहिली तर.

आत लेक पोराचे श्वास मोजत होती,
ताईंनी शिकवलं तसं. साठाच्या वर गेले की दवाखाना.
"बावन्न," ती म्हणाली.
"त्रेपन्न," मी बाहेरून.
"काय त्रेपन्न, बाबा?"
काही नाही म्हटलं.

चौथ्या राती लाइन गेलीच.
निर्गुणा म्हणाली, "थांबा, आत येऊ नोका."
लेकीनं त्याला पोलक्याच्या आत घेतलं,
उघड्या छातीवर, पालीसारखं चिकटवून,
वरून दोघींच्या वाकळी.
मी अंधारात मीटरसमोर बसून मोजतच राहिलो,
काय मोजत होतो ते सांगता येणार नाही.

आठव्या दिवशी उईकेताईंनी झोळी टांगली,
माझ्याच ताणकाट्याला नाही,
त्यांचा वेगळा, निळा, मी तपासून पाहिला, खरा होता.
एकोणीसशे दहा.
भिंतीवर कॅलेंडरात दोन रकाने आखले होते,
एक गॅसचा, एक करंटचा.
एकशे दहा ग्रॅम कोणाच्या नावावर लिहू,
पेन्सिल घेऊन बराच वेळ उभा होतो.
शेवटी दुधाच्या हिशेबात टाकले.

सिलिंडर अजून आढ्यालाच लटकलाय.
निर्गुणा विचारते, उतरवता का आता?