भाड्याचा कप्पा

ज्यांच्या शेपटीला 'बर' लागतं असे चार महिने,
सप्टेंबर ते डिसेंबर,
आणि तेरेझीनात त्यांत बरं असं काहीच नसतं.
कुत्री कुंभारांच्या ओल्या मातीत पोट टेकून पडतात,
दुपारी दोनला रस्त्यावर सावलीसुद्धा उभी राहत नाही.
अशा एका दुपारी एदिवानिया आली,
वय अकरा, समोरचा एक दात अर्धा.
म्हणाली, दोना ओतीलिया,
तुमच्या फ्रीझरचा वरचा कप्पा भाड्यानं द्याल का?

भाडं काय देशील?
रोज एक दिंदिं. चव तुम्ही निवडायची.
आणि रविवारी?
रविवारी दोन, कारण रविवारी तुम्हाला करमत नाही.
हे तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

काजूची पडलेली बोंडं ती उजाडायच्या आत वेचते,
पिळते, गाळते, साखर घालते,
चाखते, परत घालते,
बोटाएवढ्या प्लास्टिकच्या पिशवीत नरसाळ्यानं ओतते
आणि गाठ मारते, अशी की रस्ता संपला तरी सुटू नये.
एक रेआलला एक. भट्टीवाल्या जेनिवाल्दोला उधार,
त्याच्या नावापुढे माझ्याच भिंतीवर
कोळशाच्या चार रेघा.
अर्धा दात गोठलेल्या चिंचेनं नेला, सांगते,
आणि सांगताना भांडवल गुंतवल्याचा तोरा.
दिवसातून दोनदाच दार उघडायचं, थंडी पळते,
हे मला, माझ्या स्वयंपाकघरात.

तिसऱ्या आठवड्यात डबा भरलेलाच परत आला.
गिऱ्हाइकं म्हणतात, नारळाला मासळीचा वास येतो.
मी म्हटलं, गिऱ्हाइकांची नाकं तपासून घे.
ती हलली नाही.
खालच्या कप्प्यात काय आहे?

खालच्या कप्प्यात एक कुरिमाता.
वर्तमानपत्रात, त्यावर पिशवी, त्यावर आणखी एक.
मार्चमध्ये नदी फुगली तेव्हा गोंसालोनं धरलेला.
शनिवारी भाजू, म्हणाला होता.
शनिवारी मासा होता.

मी एवढंच म्हटलं, मासा आहे.
तिनं दार उघडलं, त्या दिवसातलं तिसऱ्यांदा,
स्वतःचाच नियम मोडून,
नखानं बर्फ खरवडला, डोळा पाहिला,
आणि विचारलं,
हा भाडं देतो का?

मी हसले.
हसू लांबत गेलं, मग भलत्याच वाटेला वळलं,
आणि ती पोर ओले हात घेऊन उभी.
काही सुचेना तेव्हा तिनं हळूच फ्रीझर लावला.

खाण्याजोगा तो राहिला नव्हता.
तिच्याच थर्मोकोलच्या डब्यात घालून आम्ही नदीवर निघालो.
वाटेत दोघांनी थांबवलं, काय आहे आज?
आज विकायला नाही, म्हणाली ती, माझ्याकडे न बघता.
जिथे पोती पार्नाइबाला मिळते
तिथे दोन रंगांचं पाणी बराच वेळ
एकमेकांना ओळख देत नाही.
मी मासा सोडला. लाकडासारखा ताठ,
थोडा तरंगला, जरा फिरला,
आणि गेला.
मला वाटलं होतं, काहीतरी म्हणावं लागेल.
ती म्हणाली, डबा धुवायला हवा.

आता खालच्या कप्प्यात चिंच आणि बाकुरी.
नवा करार: रोज दोन, रविवारी तीन,
विजेच्या बिलातला वाटा वेगळा, नाण्यांत,
दर महिन्याच्या पाच तारखेला, मोजून.
पहिल्या हप्त्यात पंचवीस सेंताव्हो कमी होते.
मी बोलले. दुसऱ्या दिवशी तिनं आणून दिले.

संध्याकाळी दारात बसून मी माझं भाडं हातात घेते
आणि अजूनही आधी गाठीलाच नखं लावते.
सोडवत बसू नका, ती म्हणते, कोपरा चावायचा.
मी म्हणते, कशानं चावू?
मग ती पिशवी ओढून घेते,
अर्ध्या दातानं फाडते,
आणि पहिला थेंब सांडायच्या आत
परत माझ्या हातात देते.