धूर न धरणारं

उणे एकोणतीस.
नारानतुलच्या बाजारात लोखंडी कंटेनरांच्या रांगा,
आणि मी टॉप घ्यायला आलेय,
जो एप्रिलपर्यंत
रस्त्यावर कुणालाही दिसणार नाही.

वर बहिणीचा जुना कोट,
त्याखाली लोकरीचं जाकीट, त्याखाली मी.
दातांच्या दवाखान्याचं दार ढकललं
की कोट खुंटीला,
आणि नऊ ते सहा
काचेमागे बसलेली बाई म्हणजे
गळा, खांदे, दोन बाह्या.
उरलेली मी टेबलाखाली.

म्हणून आधी गळा बघते.
वाकून फॉर्म पुढे सरकवताना
हाताने धरावा लागणारा नको.
मग बाही. मनगटापाशी घट्ट नको,
भांडी घासताना सरसर वर जायला हवी.
मग उलटा करून शिवण. बोटांनी जरा ताणून बघते,
टाके हसले की परत ठेवते.
ओलं बोट घासून रंग जातो का बघावं,
तर इथे आधी बोटच जातं.

"कोरियाचा आहे," दुलामसुरेन वाफेतून म्हणते,
"पंचेचाळीस हजार."
इथे सगळंच कोरियाचं.
लेबलं शिवणारी बाई पलीकडच्या रांगेत बसते,
तिलाही मी ओळखते.

पण कोरिया असो की चीन,
मी टॉप उचलते आणि नाकाला लावते.

गेल्या हिवाळ्यातला
जांभळ्या रंगाचा, मऊ, ॲक्रिलिकचा.
बत्तीस हजार मोजले होते, एका दमात, भाव न करता.
आमच्या टेकडीवर घरोघर कोळसा.
धूर दार वाजवून येत नाही.
तो त्या जांभळ्यात शिरला तो शिरलाच,
तीन धुण्यांनी हलला नाही.
दवाखान्यात कुणी काही बोललं नाही.
फक्त नोमिन उठली,
आणि बाहेर उणे पंचवीस असताना
खिडकी बोटभर उघडून परत जागेवर बसली.

"नव्या कापडाला कसला वास येणार?"
दुलामसुरेन विचारते.
मी टॉप खाली ठेवते. घडी नीट करते, फार नीट.
ती माझ्या बुटांकडे बघते,
बुटांच्या कडेच्या राखेकडे.
"कुठली टेकडी?"
"चिंगेलतेई."
"मी बायानखोशूची," ती म्हणते
आणि गुडघ्यांवर बसून
ढिगाच्या पार तळाशी हात घालते.

वर येतो तो पिस्त्याच्या सालीसारखा हिरवा,
पातळ, बुळबुळीत, जरा चुरगळलेला.
"लोकर नको, ॲक्रिलिक तर नकोच. हा रात्री धू,
पहाटे वाळलेला. चुलीच्या बाजूला टांगू नकोस.
चेनच्या पिशवीत घालून ने आणि तिथेच जाऊन बदल.
माझी लेक तेच करते, बँकेत आहे."
बँक हा शब्द ती जरा मोठ्याने म्हणते.

तिनं घोंगडी धरली, मी कोट काढला,
दहा मोजेपर्यंत.
आरशावर दंव. नखांनी खरवडून
एक गळा, एक खांदा एवढं दिसलं.
सातव्या अंकाला दात वाजू लागले,
पण खांदा बसला होता. बरोब्बर.

अठरा हजार म्हणाली. मी पंधरा.
सोळावर थांबलो,
आणि एक जादा बटण, कारण खालून दुसरं सैल होतं.
टेकडीचा उल्लेख भाव करताना
दोघींनीही केला नाही.

सोमवारी स्वच्छतागृहात कडी लावून
पिशवीची चेन उघडली,
जाकीट पिशवीत, टॉप अंगावर.
केसांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.
नोमिन म्हणाली, "हिरवा शोभतो गं तुला."
खिडकी बंद होती.

पण काल रात्रीपासून वाराही फार आहे.