कळ

दांडिया बाजारातून दवाखान्यापर्यंत रिक्षाने चौदा मिनिटं,
म्हणजे मथुरामावशी जगदाळेंच्या हिशेबात
तीन खड्डे, एक वळण आणि दोनदा आई गं.

फलटणहून मुलाकडे येऊन त्यांना दीड महिना झाला.
गुजराती अजून येत नाही.
डॉक्टर जिगीषाबेन विचारतात, एकथी दस?
शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.
मी दोघींच्या मध्ये, स्टुलावर.
कागदावर फिजिओ-सहायक,
प्रत्यक्षात इकडचं दुखणं तिकडे नेणारी,
वाटेत सांडणार नाही इतपत जपून.

आकडा कसला गं, मावशी म्हणतात,
सकाळी ठणकतं. दुपारी नुसतं ठसठसतं.
जिना उतरताना चमक निघते,
रात्री पाय पाय राहत नाही, ओलं पोतं होतो,
आणि पहाटे कळ येते.
कशी येते?
वसुलीवाल्यासारखी. दार वाजवत नाही.

मी लिहिते, सात.
खोडते. सहा ते आठ.
खोडलेलंच जास्त खरं दिसतं.

विश्वामित्रीला पूर आला त्या रात्री
हंसाबेन आणि मी एकाच गच्चीवर होतो.
मला भीती वाटत होती,
पाट्यावर वाटतात तशी, बारीक, बारीक.
त्यांना बीक लागत होती,
ठेच लागते तशी, किंवा ऊन.
खाली गल्लीत मगर मात्र एकच होती.

शाळेत गणिताचे सर विचारायचे, समज पडी?
आणि आम्ही मराठी पोरी बाकांखाली वाकून बघायचो,
कुणाची पडली, कुठे पडली.
एकदा खरंच खोडरबर सापडलं.

जिगीषाबेन पेन ठेवतात. खुर्ची ओढून
मावशींचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतात,
गुडघ्यामागे अंगठा रोवतात,
भिंतीकडे बघत थांबतात, बराच वेळ.
मग हळूच, हवे कळ वळी?

मी तोंड उघडते भाषांतरासाठी,
तेवढ्यात मावशी म्हणतात, वळली गं बाई.
थोडीशी. वळली.

माझे हात मांडीवर रिकामे.
व्याकरणाला विचारलं तर ते डोळे वटारेल,
कळ वेगळी, कळणं वेगळं,
नुसती तोंडं सारखी, नातं नाही.
नसेल. पण ठसकन आत काही हललं,
कळ आली की कळलं
ते मला अजून सांगता येत नाही.

फॉर्मवर आकड्याचा चौकोन तसाच मोकळा.
कॉम्प्युटर त्याच्याशिवाय पुढे जात नाही.
मावशी चष्मा शोधतात, चौकोन बघतात,
एवढ्यात काय मावणार गं, म्हणतात,
आणि तरीही माझी अडचण ओळखून,
लिही, तीन जिने.
चढताना नव्हे. उतरताना.