कालचं विमान

अंतर? सव्वाशे किलोमीटर, थोडं इकडेतिकडे.
वेळ पस्तीस मिनिटं. वारा समोरून असला तर चाळीस.
पण आपियाहून मंगळवारी निघालात
तर पागोपागोला उतराल सोमवारी.
नाही, तिकिटात चूक नाही.
घड्याळाला हात लावू नका, काटे तिथेही हेच दाखवतात.
तारीख तेवढी मागे घ्या.

एका डिसेंबरात आमचं बेट गुरुवारी झोपलं
आणि उठलं ते शनिवारी.
सरकारी हुकूम होता. मधला शुक्रवार
कुणीच वापरला नाही.
तेव्हापासून मी हे सांगतोय, या खिडकीत, वजनकाट्याशेजारी.

विमान लहान, म्हणून आधी माणसं तोलावी लागतात.
पाद्री, रग्बीवाले, नवी नवरी,
सगळे चपला काढतात,
जणू तेवढ्यानं काही कमी होणार आहे.
मी आकडा मोठ्यानं वाचत नाही.
जाडजूड माणसाला म्हणतो, तुम्ही पंखाजवळ बसा,
तिथून समुद्र बरा दिसतो.

लागिमाइना पलीकडे ट्यूनाचे डबे भरते.
तिचा बाप, पेनिताला, माझा शेजारी,
मंगळवारी पहाटे गेला.
घरात कुणाला बोलवेना, म्हणून फोन मी लावला.
म्हटलं, आज पहाटे.
ती म्हणाली, आज म्हणजे?
माझ्या भिंतीवर सोमवार आहे.
मग हळूच,
म्हणजे अजून एक दिवस आहे ना?

सतरा जागांचा हिशेब तोंडपाठ असलेला मी,
मला उत्तर आलं नाही.
म्हटलं, दोनचं विमान मिळेल तुला.

शुक्रवारी तीन वाजता
घरासमोरच, निरफणसाच्या सावलीत, त्याला मातीत ठेवलं.
शनिवारी ती परत निघाली.
काट्यावर उभी राहिली,
कुशीत आईनं विणलेली बारीक विणीची चटई.
अकरा वर्षांचं विणकाम,
भरलं दीड किलो.
चटईचे पैसे मी लावले नाहीत.

दोन पंचविसला विमान उडालं.
प्रवाळाच्या पांढऱ्या रेघेपलीकडे गेलं
तेव्हा मला हिशेब सुचला.
ती उतरेल तेव्हा तिकडे
शुक्रवार असेल. दुपारचे तीन.

रात्री फोन आला. पोचले, म्हणाली.
मग बराच वेळ नुसता कारखान्याचा भोंगा.
"धावपट्टीच्या कडेला थांबले जरा.
मूठभर माती टाकायची वेळ होती पुन्हा,
आणि हात रिकामे.
मग चपला काढून झटकल्या.
थोडी पडली, आपल्या अंगणातली."

बरं, पुढचे कोण?
या, इथे उभे राहा.
चपला राहू द्या पायात.