त्यानंतर

मी डेक्कनच्या क्लबाचा लेखनिक.
स्पर्धेच्या आठवड्यात रोज संध्याकाळी सातला
उद्याच्या सामन्यांचा क्रम टाईप करतो. तीन प्रती.
एक पंचांना, एक कँटीनला,
एक हिरव्या फळ्यावर, चार टाचण्यांनी.
पहिल्या ओळीत वेळ असते : सकाळी दहा.
खाली वेळ नसते. खाली एकच शब्द,
त्यानंतर.

बावीस वर्षं तो माझ्या बोटांत
न विचारता येतो.

शर्वाणी ढमढेरे, तळेगावची,
क्रमवारीत कुठेतरी सहाशेत,
खिडकीशी आली. म्हणाली, काका,
त्यानंतर म्हणजे किती वाजता?
पोहे कधी खायचे ते ठरवायचंय.

मी वर बघितलं नाही. आता सांगतो,
तिची उपांत्य फेरी आधी चारची होती, एक नंबर कोर्टावर.
पण फरशीवाले प्रायोजक भोसरीहून पाचला निघणार,
त्यांना पुरुषांचा खेळ बघायचा,
दिव्यांत फोटो काढायचे.
संचालक म्हणाले, मुलींचं काय, कुठेही बसतं.
टाकीमागे तीन नंबर मोकळाच आहे,
दुहेरी संपली की.

दुहेरी संपेना.
टाकीमागच्या बाकावर शर्वाणी
आणि ताश्कंदची दिल्नोझा, जिच्याशी खेळायचं तीच.
दोरीवरच्या उड्या, घाम, घाम वाळणं,
पुन्हा उड्या.
एका केळ्याचे दोन भाग.
दिल्नोझाने मनगटावर बोट आपटून विचारलं : कधी?
शर्वाणीने खांदे उडवले.
तिच्या भाषेतही असेलच की
या शब्दाला एखादा शब्द.

सहाला नाणं उडालं. डिसेंबर.
टाकीमागे चार दिवे, त्यातला एक नुसताच खांब.
तिसऱ्या सेटमध्ये पिवळा चेंडू राखाडी दिसायला लागला,
चार-चार असताना
लॉनवर प्रायोजकांच्या जेवणाचा डीजे सुरू झाला
आणि पंचांनी खेळ थांबवला.
उरलेला उद्या सकाळी आठला.
हे मात्र वेळेसकट.

आठला प्रेक्षक : मी, सोपानराव माळी,
चेंडू उचलणारी दोन पोरं.
कोर्टावर दव, ते पोरांनी टॉवेलने टिपलेलं.
शर्वाणी जिंकली, सात-पाच.
टाळ्या वाजवायला सोपानरावांनी
आधी पाण्याचा पाईप खाली ठेवला.

अंतिम सामना अकराला. समोरची
काल दुपारीच जिंकून, जेवून, झोपलेली.
सहा-दोन, सहा-एक.
मीच टाईप केलं.

थर्माकोलचा चेक क्लबात एकच आहे.
त्यावर रात्रीच्या पुरुषांचा आकडा आधीच रंगवलेला.
वर शर्वाणीच्या आकड्याची पट्टी चिकटवली,
फोटो झाल्यावर हळूच सोडवली,
खालचं शून्य खरवडू नये म्हणून.

मग ती पुन्हा खिडकीशी. माझं पेन मागितलं,
कालच्या क्रमाच्या पाठीवर हिशोब मांडला.
कर. रॅकेटच्या तारा, चार वेळा.
प्रभात रोडची खोली, सहा रात्री.
फिजिओ, एकदाच, तोही अर्धा तास.
खाली रेघ. रेघेखाली जे उरलं
त्यात सोलापूरची एसटी बसत होती,
सोलापूरहून परत येणं बसत नव्हतं.
तिथल्या स्पर्धेत सहाच्या आत सही केली
तरच नाव.
घड्याळ बघून म्हणाली,
बरं झालं लवकर हरले.

हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं
मला अजून कळलेलं नाही.

यंदा मुलींच्या ओळीसमोर
मी वेळ टाईप केली : दुपारी तीन.
बोटं अडखळली.
संचालकांनी लाल पेनाने खोडली,
वर त्यांच्या अक्षरात तोच शब्द,
आणि मला म्हणाले, शाळा नाहीये ही.
नवी प्रत काढा म्हणाले.
मी काढली नाही.

फळ्यावर खोडलेलीच लावलीय.
लाल रेघेखालचे तीन वाचता येतात,
कोणी चहाचा कप घेऊन
जरा जवळ उभं राहिलं तर.