पासंग

कॅलम, तो फोन आधी खिशात ठेव.
तुझा उपग्रह काय म्हणतो ते ऐकलं मी:
शून्यापासून साठ मैलांपर्यंत आठ सेकंद, वर एक दशांश.
आणि कात्रणात छापलंय सहा पूर्णांक आठ.
छापील आकड्याहून गाडी सव्वा सेकंद म्हातारी निघाली
म्हणून तोंड उतरलंय तुझं.
जणू तिने तुला फसवलं.

तो आकडा माझ्या अंगठ्यातून उतरलेला आहे.

हीच लिंकनशायरची धावपट्टी, साल एकसष्ट, मार्च.
बॉम्बर विमानं केव्हाच गेलेली,
काँक्रीटच्या भेगांतून बीटाची पानं वर आलेली.
चाकावर डेन्झिल ट्रेगोवन, शेजारी मी,
मांडीवर पाटी, गळ्यात दोरीने अडकवलेलं घड्याळ.
मागे सायकलचं एक चाक फरफटत यायचं,
कारण गाडीचा स्वतःचा काटा बढाईखोर,
पंचावन्नला साठ म्हणणारा.

तुला तुलना करायचीय ना, मग कर,
पण तागडी उचलण्याआधी पासंग काढ.

टायर माझ्या मनगटाला लाजतील असे अरुंद.
टाकी काठोकाठ. माणसं दोन,
आणि डेन्झिल काही किडकिडीत नव्हता.
क्लच एकच, तो सोमवारी कंपनीला
धडधाकट परत करायचा होता.
आजकाल म्हणे पहिली फूटभर हालचाल
मोजतच नाहीत. आम्ही चाक थरथरलं
की मोजायला लागायचो.
तुझ्या शेजारणीची ती किराणा आणायची गाडी
हिला सिग्नलला मागे टाकते, खरंय.
तिच्यात हजार छोटे मेंदू चाकं सांभाळतात.
हिच्यात एकच होता, आणि त्या दिवशी त्याला सर्दी झालेली.

आता उलट बाजूचंही ऐक, न्याय म्हटला की दोन्हीकडून.
कंपनीच्या ऑर्मरॉडने ती गाडी
दाखवायला आणलेल्या नवरीसारखी नटवून धाडली होती.
तीन रात्री जागून इंजिनाची आतली भोकं घासली त्याने.
दुकानातून घेणाऱ्याला तसली गाडी
कधीच मिळाली नाही.
हे आम्हाला ठाऊक होतं. छापलं नाही.

आणि वारा.

नियम साधा: एकदा जायचं, एकदा यायचं,
दोन्हींची सरासरी.
जाताना समुद्रावरचा वारा पाठीशी होता,
सहा पूर्णांक आठ.
परत वळलो, तर पट्टीवर मधोमध
बीटाने भरलेला ट्रॅक्टर, चाक निखळलेलं,
शेतकरी शांतपणे पाईप ओढत बसलेला.
अंधार पडला. छापखान्याचा फोन आला.
डेन्झिल म्हणाला, मॉर्वेना, लिही.
मी लिहिलं.
वाऱ्याचा रकाना तेवढा रिकामा सोडला.

त्या रिकाम्या रकान्यावर
साठ वर्षं माणसं पैजा लावतायत,
पोस्टर छापतायत,
तू कर्ज काढलंस.
डेन्झिल गेला त्या आठवड्यातही
कुणीतरी तोच आकडा सांगून त्याला निरोप दिला.
मी चर्चच्या मागच्या बाकावर गप्प.

चल, दार उघड.
गुडघ्याला जरा हात दे, ही बैठक
तेव्हाही इतकीच खाली होती का रे?
मी घड्याळ आणलंय. अंगठा आता
किती उशिरा उठतो, देव जाणे,
तोही लिहून ठेवू.

*

जाताना सात पूर्णांक सहा.
येताना आठ पूर्णांक सहा,
आणि दुसऱ्या गिअरला तो जो आवाज झाला,
तो तुझा दोष, गाडीचा नव्हे.

लिही, कॅलम. माझे हात कापतात.
सरासरी: आठ पूर्णांक एक.
माणसं: दोन, एक थर्मास.
टायर: मूळ मापाचे.
वारा: ईशान्येचा, जोरदार.
शब्द पूर्ण लिही. मोठा.